पूजेत बसलेला कार्ब्युरेटर

प्रभंजन कट्टी यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं होतं. धारवाडातल्या आमच्या माळमड्डीत चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्यांच्या गाडीखाली टॉर्च धरून बसणारा मी एकटाच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. मला कितपत जमेल, ठाऊक नाही.

प्रभंजन धारवाडच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक होते. निवृत्त झाले त्या वर्षी कुसुमावतींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांना अळणावरला पाठवलं. देवघराला नवं दार करायचं होतं आणि तिथल्या एका वखारीत जुनं सागवान चांगलं मिळतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. प्रभंजन सकाळी गेले आणि संध्याकाळी ट्रक घेऊन आले. ट्रकात सागवान नव्हतं, मोटार होती. इंग्लंडात झालेली, १९६२ सालची, दोघांपुरती, बिनछपराची, शर्यतीच्या गाड्यांसारखी लांब नाकाची. नाकावरचा बिल्ला कधीच गळून पडला होता. वखारीत तिच्यात कोंबड्या अंडी घालत. त्यांतली एक तिच्याबरोबर धारवाडला आली होती.

"दार कुठंय?" कुसुमावतींनी विचारलं.

"दोन आहेत की," प्रभंजन गाडीकडे बोट दाखवून म्हणाले.

त्यावर कुसुमावती आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कोंबडी परत गेली. गाडी घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, पत्र्याखाली, अकरा वर्षं राहिली.

या अकरा वर्षांत प्रभंजननी ती तीनदा पूर्ण उकलली आणि अडीचदा जोडली. प्रयोगशाळेतली शिस्त अंगात मुरलेली. प्रत्येक नटबोल्ट धुवून, पुसून, चिठ्ठी लावून पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात जायचा. धारवाडच्या घरात पेढ्याची खोकी किती निघतात हे सांगायला नको. पाहुणे आपणहून खोकं उघडायचे आणि गप्प बसायचे. एकदा कुसुमावती हनुमंताच्या देवळात नैवेद्याला खोकं घेऊन गेल्या, तर आत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पुजारी म्हणाले, "देव शक्तीचा आहे अक्का, त्याला चालेल. पण तुळशीपत्र ठेवू कुठं?"

मूळचे भाग मिळत नव्हते, म्हणून प्रभंजन घरातले लावायचे. दिव्यांच्या काचांभोवती कुकरच्या रबरी रिंगा बसल्या. बॉनेट आवळायला वडिलांच्या होल्डॉलचे चामडी पट्टे आले. सीटांना नवलगुंदच्या जमखान्याचं कापड चढलं, आणि तो जमखाना कुसुमावतींच्या लग्नातला होता. मूळचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून पाजणारी यंत्रं, गंजून गेले होते. त्यांच्या जागी प्रभंजननी एका जुन्या जीपचा कार्ब्युरेटर स्वतः पट्टी कापून बसवला. हे त्यांचं सर्वांत मोठं काम. आर.टी.ओ.ची कागदपत्रंही तीन वर्षांपूर्वीच नीट झाली होती. गाडीच तेवढी मागे राहिली होती.

माझं काम टॉर्च धरण्याचं. "अप्पा, उजेड हलवू नका," हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं.

मागच्या साली गणपतीत कुसुमावतींचे मोठे भाऊ राघवेंद्रराव हुबळीहून, केशवापूरहून, आले होते. तोवर कुसुमावतींचे गुडघे पार गेले होते. झोपायची खोली वर, पंधरा पायऱ्या. खाली खोली काढायला जागा एकच, जिथं गाडी होती. जेवणं झाल्यावर त्यांनी भावासमोर विषय काढला.

"ऐका हो. दसऱ्याला ही गाडी स्वतःच्या पायांनी माझ्या माहेरी गेली पाहिजे. नाही गेली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला नेईल. मग खोली बांधायची."

प्रभंजनांचा हात ताकाच्या भांड्यावरच थांबला.

राघवेंद्ररावांना मात्र फार आनंद झाला. "भाऊजी, तुमची गाडी केशवापूरला? अहो, ती गेटपर्यंत येऊ द्या आधी! आलीच माझ्या दारात, तर आरती ओवाळीन. माझ्या पोर्चात राजासारखी ठेवीन, हवी तेवढी वर्षं!"

"वर्षं म्हणालास का, अण्णा?" कुसुमावतींनी विचारलं.

"हां, वर्षं!"

त्या सुपारी कातरत राहिल्या.

त्या दिवसापासून प्रभंजन सकाळी सहालाच पत्र्याखाली. अष्टमीला इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. गल्लीतली कुत्री पळाली, पण चाललं. फक्त जरा खोकत होतं. म्हणून प्रभंजननी कार्ब्युरेटर काढून धुतला आणि पीतांबरी लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कट्टींच्या घरी या दिवशी आयुधांची पूजा असते. विळी, कोयता, अडकित्ता, प्रभंजनांचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, सगळं चौरंगावर मांडायचं. त्या घरचा नियम कडक आहे. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला सीमोल्लंघन करून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं आणायची, ती आयुधांवर वाहायची, आणि मगच आयुध हलवायचं. मधे हात लावायचा नाही. एका साली अडकित्ता चौरंगावर होता म्हणून आम्ही दोन दिवस सुपारी दातांनी फोडली.

कुसुमावतींनी आतून हाक मारली, "आयुधं आणा हो!" प्रभंजननी पाने उचलले, हातोडी उचलली. शेजारी तो चकचकीत कार्ब्युरेटर होता. इतक्या वर्षांचं काम, देवीच्या पायांशी मिरवावं असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तो नेऊन चौरंगाच्या मधोमध ठेवला. कुसुमावतींनी त्यावर हळदकुंकू, अक्षता वाहिल्या, शेवंतीचं फूल ठेवलं.

दसऱ्याला दुपारी प्रभंजन माझ्याकडे आले. पायांत एकच चप्पल.

"अप्पा, घोटाळा झाला."

"काय?"

"बन्नी आणल्याशिवाय कार्ब्युरेटर उचलायचा नाही. कार्ब्युरेटर लावल्याशिवाय गाडी निघायची नाही. आणि मी सीमोल्लंघनाला गाडीनंच निघणार होतो."

मी थोडा विचार केला. "चालत जाऊन पानं आणा की."

"गेलो असतो. पण तिला नेल्याशिवाय सीमोल्लंघन कसलं? बेचाळीस वर्षं जोडीनं गेलोय. आणि तिला आता कोपऱ्यापर्यंतही चालवत नाही. रिक्षा बोलावू? गाडी दारात असताना रिक्षा बोलावली, म्हणजे हरलोच की मी."

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. कुसुमावती जरीचं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. प्रभंजन खांबाला धरून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज लहान होत गेला. शेवटी म्हणाले, "तू म्हणशील तसं. भंगारवाल्याला सांग हवं तर."

कुसुमावतींनी गप्प राहायचं होतं, एवढंच. खोली आपोआप मिळाली असती. त्यांनी चौरंगाकडे बघितलं. कार्ब्युरेटरवरचं शेवंतीचं फूल जरा कललं होतं, ते त्यांनी लांबूनच बघितलं, हात लावला नाही.

"बन्नीचं झाड कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"उताराखाली, चौकात."

"मग उतारानं जायला कार्ब्युरेटर कशाला लागतो? ब्रेक आहेत ना?"

"ब्रेक उत्तम आहेत," प्रभंजन म्हणाले. ब्रेक खरंच उत्तम होते, ते त्यांनी अकरा वर्षं केले होते.

"अप्पा, आनंदाला बोलवा."

आनंदा म्हणजे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, अळणावरकडचा, अंगानं दांडगा. तो आला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. "अक्का, ढकलतो. पण ही थांबंल नव्हं? खाली माझी इस्त्रीची गाडी उभी हाय. त्यात वकिलाचा कोट हाय."

आनंदानं ढकललं, मी ढकलल्यासारखं केलं. गाडी गेटातून बाहेर पडली आणि आवाज न करता उताराला लागली. कुसुमावती जमखान्याच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, मांडीवर पूजेचं तबक. प्रभंजननी स्टीअरिंग असं धरलं होतं की जणू ते सुटून पळणार आहे. गल्लीतले लोक बाहेर आले. कुणीतरी ओरडलं, "अहो कट्टी, आवाज नाही हो! इलेक्ट्रिक केली काय?"

गाडी बन्नीच्या झाडाशी बरोबर थांबली. वकिलाचा कोट सुखरूप राहिला. कुसुमावतींनी गाडीतूनच झाडाला हळदकुंकू वाहिलं, प्रभंजननी पानं तोडली.

"आता घरी जा," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "आधी देवीला वाहा, मग आयुधांना, मग नमस्कार, मग उचला. उलटं करू नका. मी इथं बसते."

अर्ध्या तासानं प्रभंजन उतार उतरून आले. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कार्ब्युरेटर, फुलासकट. चौकातच त्यांनी बॉनेट उघडलं. लोक बन्नी द्यायला येत होते आणि प्रभंजनांचे हात इंजिनात, म्हणून सगळे पानं बॉनेटवर ठेवून "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोणु," सोन्यासारखे राहू या, असं गाडीलाच म्हणून जात होते. मी टॉर्च आणला नव्हता. दिवसाउजेडी मला काही कामच नव्हतं.

गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. "अप्पा, बसा!" असं प्रभंजन म्हणाले. दोघांच्याच गाडीत मला सीटांमागच्या सामानाच्या जागेत, पाय पोटाशी घेऊन बसवलं.

नवलूर गेलं, नवनगर गेलं. शेजारून चिगरी, म्हणजे हुबळी-धारवाडची जलद बस, आपल्या वेगळ्या रस्त्यानं जायची आणि आतली माणसं खिडकीशी येऊन हात हलवायची. प्रभंजननी एकदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मला मागून त्यांचे फक्त कान दिसत होते, पण कानही खूष होते.

उणकल तळ्याजवळ गाडीनं आचके दिले आणि ती बंद पडली.

प्रभंजन खाली उतरले. पाचच मिनिटांत कार्ब्युरेटर उघडला. "जेटमध्ये कचरा आहे. लाल. लाल कचरा कुठून आला?"

कुसुमावती तळ्याकडे बघत म्हणाल्या, "कुंकू असेल. मी जरा सढळ वाहिलं. तुमचं मोठं काम ना ते."

प्रभंजननी जेटचं ते छोटं छिद्र तोंडाला लावून जोरात ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. मग आमच्याकडे वळले. ओठ, दात, मिशी, सगळं लालभडक. कुसुमावती हसायला लागल्या. लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन, गुडघे धरून हसल्या. मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहतो, त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला आम्ही केशवापूरला पोचलो. राघवेंद्रराव गेटात उभे होते. त्यांनी आधी गाडी बघितली, मग मेहुण्याचं तोंड.

"भाऊजी, पान खाऊन आलात?"

"पेट्रोल पिऊन आलो," प्रभंजन म्हणाले. "आरती काढा."

राघवेंद्ररावांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी खरंच आरती आणली. राघवेंद्ररावांनी ओवाळली, कारण बहीण समोर उभी होती. आपली नवी कोरी मोटार त्यांनी रस्त्यावर काढली आणि ही पोर्चात घेतली. प्रभंजननी इंजिन बंद केलं. फराळ झाल्यावर निघताना किल्ली फिरवली, तर गाडी सुरू होईना. पुन्हा फिरवली. होईना.

"उद्या बघू," प्रभंजन कसनुसं म्हणाले.

"उद्या कशाला?" कुसुमावती म्हणाल्या. "अण्णानं हवी तेवढी वर्षं म्हटलंय. राजासारखी. हो ना रे?"

राघवेंद्ररावांनी रस्त्यावरच्या आपल्या मोटारीकडे बघितलं. "म्हटलं खरं," ते म्हणाले.

आम्ही बसनं परत आलो. संक्रांतीपर्यंत खालची खोली उभी राहिली. तिला अळणावरच्या सागवानाचं दार आहे. या वेळी ते आणायला कुसुमावती स्वतः रिक्षा करून गेल्या होत्या.

आता प्रभंजन दर शनिवारी चिगरी बसनं केशवापूरला जातात, पिशवीत पाने आणि पेढ्याची दोन खोकी. टॉर्च राघवेंद्रराव धरतात. मध्यंतरी त्यांचा मला फोन आला, "अप्पा, तुम्ही अकरा वर्षं हे कसं सहन केलंत हो? उजेड जरा हलला की हा मनुष्य ओरडतो!" पण पुढच्या शनिवारी प्रभंजनना पोचायला उशीर झाला, तर यांचाच फोन, "निघाले का?"

पंधरा दिवसांपूर्वी गाडी सुरू झाली. प्रभंजननी मला कानात सांगितलं. दोघांनी ठरवलंय की हे धारवाडला कळू द्यायचं नाही, नाहीतर शनिवार संपतील. मी कुणाला बोललो नाही.

सोमवारी कुसुमावती नव्या खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी फाटकाशी दिसलो तशा म्हणाल्या, "अप्पा, सुरू झाली ना?"

मी चपलेकडे बघत राहिलो.

"असू दे," त्या खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "मला कळलंय म्हणून त्यांना सांगू नका."