शंभर टक्के वनस्पती

पिंप्राळ्यातली ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा जळगावात पोलीस निरीक्षक होतो. चौतीस वर्षांची एक विवाहिता कणीक मळता मळता कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मी घरी पंचनाम्याला गेलो, तेव्हा परातीतली कणीक तशीच होती, वरून सुकलेली.

दुपारी साक्रीकडच्या खेड्यातून तिचे वडील आले. शेतकरी माणूस. लेकीचा चेहरा पाहून ते मटकन खाली बसले आणि सासूकडे बोट दाखवून ओरडले, "मनी पोरले यास्नी मारी टाकं, साहेब!" पोरगी चार महिन्यांत निम्मी झाली, हे लोक तिला उपाशी ठेवत होते, असा त्यांचा जबाब होता. सासू तोंडाची फटकळ आहे, असं शेजारीही म्हणाले. शवविच्छेदनात मारहाणीची खूण नव्हती. डॉक्टरांनी मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडे पाठवला.

सासू साठीची. चौकशी तिच्या घरीच, महिला हवालदाराच्या समोर केली. मी चार दिवस एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो.

"सून जेवत का नव्हती?"

"मला काय माहीत, साहेब? ताट वाढलं की म्हणायची, भूक नाही."

"तुम्ही काही बोलला असाल."

"बोलायची मी. कोणती सासू बोलत नाही? पण तिच्या ताटातली भाकरी कधी काढली नाही."

खरं सांगतो, मला ती खोटं बोलतेय असंच वाटत होतं. गल्लीत तर निकाल लागूनच गेला होता. बायकांनी तिच्या दारावरून जाणं सोडलं होतं.

पाचव्या दिवशी त्याच कॉलनीत शिलाईकाम करणाऱ्या एक अक्का स्वतःहून ठाण्यात आल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "साहेब, दोन महिन्यांत तिचे ब्लाउज मी तीनदा आत घेतले. मी विचारलं, काय खातेस गं? तर हसली. म्हणाली, अक्का, झाडपाल्याचं औषध आहे, पण घरात सांगू नका."

आम्ही पुन्हा घरी जाऊन झडती घेतली. कपाटात ठेवणीतल्या साड्यांच्या घडीत प्लास्टिकचा एक डबा निघाला. आत हिरवट भुकटी. वर पानांचं चित्र आणि ठळक अक्षरं: वजन घटवा, शंभर टक्के वनस्पती, कोणताही अपाय नाही. खाली पेनानं लिहिलेला मोबाइल नंबर होता.

नंबर जवळच राहणाऱ्या एका बाईंचा निघाला. पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. आता घरून डबे विकायच्या. आम्हाला पाहून घाबरल्या नाहीत, उलट दुखावल्या.

"साहेब, यात नुसता शेवग्याचा पाला, मेथी, त्रिफळा. रसायन काहीच नाही. थांबा, तुमच्यासमोर खाऊन दाखवते." त्यांनी खरोखरच चमचा भरला. मी त्यांचा हात धरला.

"माझी मुलगी रोज घेते हो! स्वतःच्या लेकीला कोणी विष देईल का?"

"मुलगी कुठे असते?"

"धुळ्याला, कॉलेजच्या हॉस्टेलवर."

"तिला फोन लावा."

फोन मैत्रिणीनं उचलला. मुलगी सकाळपासून पडून होती, छाती धडधडत होती, हात कापत होते. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी धुळ्यातल्या सहकाऱ्याला कळवलं. त्यानं मुलीला सरकारी दवाखान्यात दाखल केलं. पोरगी वाचली. मुलगी शुद्धीत आहे असा निरोप आला. मग माल पुरवणाऱ्याचा पत्ता त्या बाईंनी न विचारता सांगितला.

धुळ्याबाहेर महामार्गालगत पत्र्याची शेड होती. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना घेऊन आम्ही छापा घातला. पुढे वाळलेल्या पाल्याची पोती, मागच्या खोलीत पांढऱ्या पावडरीचा बिनलेबलचा ड्रम. मालक दोन तास "सगळं जंगलातलं आहे" हेच म्हणत राहिला. मी त्याला मेलेल्या बाईचा फोटो दाखवला नाही, त्याचा अशा माणसांवर परिणाम होत नाही. तो ड्रम उचलून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "वनस्पतीच आहे ना? मग एक चमचा घे."

त्यानं ड्रमकडे पाहिलं, चमच्याला हात लावला नाही.

"साहेब, नुसत्या पाल्यानं कुठे वजन उतरतं? फरक दिसला नाही तर बाई दुसरा डबा घेत नाही."

भूक मारणारं, बंदी असलेलं रसायन होतं ते. हृदयाचे ठोके बिघडवणारं. पुढे व्हिसेरातही तेच सापडलं. मालकाला शिक्षा झाली. विकणाऱ्या बाईंनी कोर्टात स्वतःविरुद्ध जाईल तेही सगळं सांगितलं.

गेलेल्या सुनेचा नवरा अगदी शेवटी बोलला. भावाच्या लग्नाचे फोटो पाहताना सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला होता, "तूच एकटी फोटोत मावत नाहीस." सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर आठवड्याभरात तिनं पहिला डबा आणला.

मी सासूकडे गेलो. माझं चुकलं, असं सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्यावर रुसून जेवत नाही. एकदा जवळ घेऊन विचारलं असतं तर?" मीही पहिल्या दिवशी सुनेचं भांडण कोणाशी होतं तेवढंच विचारलं होतं. ती आरशात पाहून काय म्हणायची, हे विचारलंच नव्हतं. त्यानंतर प्रत्येक अकस्मात मृत्यूत मी वैरी शोधण्याआधी त्या माणसाचे शेवटचे महिने कसे गेले, ते विचारू लागलो.

विकलेले डबे परत घ्यायला आमच्या महिला हवालदार घरोघर फिरल्या. मृत्यूची बातमी गावभर झाली होती. तरी एका घरी लग्न ठरलेली मुलगी डबा पाठीमागे धरून उभी राहिली. म्हणाली, "ताई, लग्न होईपर्यंत राहू द्या ना."