तर्जनी

आईचा लुळा पडलेला उजवा हात टेबलावर होता, त्यावर करंटच्या पट्ट्या चिकटवलेल्या. कालपर्यंत करंट सोडला की सगळी मूठच आवळायची. आज मशीन तेच, पट्ट्या त्याच. थेरपिस्ट बाईंनी कॉम्प्युटरवर फक्त करंट सोडायची पद्धत बदलली आणि एकटी तर्जनी उठली. मला दटावताना उठायची, अगदी तशी. बोट आईचं होतं, पण दटावणारी कुठे होती?

"आई, तू उचललंस?"

"मला काय विचारतेस? त्या मशीनला विचार."

बाईंनी मशीन बंद केलं. "आता तुमचं तुम्ही उचला, काकू."

आई बोटाकडे बघत राहिली. मीही. ते हललं नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, माझ्या मांडीवर माझी तर्जनी ताठ उभी होती.