मुठ्या-साळूची जोडी

चार माणसं जमली, चहा आला, की आमच्या कार्यक्रमाचा विषय निघतोच. आणि एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याला दुसरा लटकलेला असतो. बायको म्हणते, "तुमचं म्हणजे चार्जरांच्या ड्रॉवरसारखं आहे. एक वायर ओढली की सगळा गुंता बाहेर!" म्हणू दे. कार्यक्रम बंद पडला, बाहुल्या माझ्या माळ्यावर गेल्या, आता निदान बोलू तरी द्याल की नाही?

तर महाडच्या लोकल केबलवर रविवारी सकाळी मुलांसाठी हातबाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा. लिहायच्या आणि बसवायच्या जोगळेकर बाई, बाहेरगावच्या शाळेतून रिटायर होऊन महाडात नव्यानेच आलेल्या. कॅमेरा माझा. एरवी लग्नाच्या शूटिंगला जो असतो तोच. बाहुल्या हलवायला तिघं. गणूशेठ किराणावाल्यांचा कोंबडा. वरंधचे सखादादा, शेती करून शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत गाणारे, त्यांचा मुठ्या. मुठा म्हणजे आपला पावसाळ्यात शेतात सापडतो तो खेकडा. आणि नाते गावच्या अंगणवाडीतल्या कुसुमताई, त्यांची साळू, म्हणजे साळिंदर. तिच्या अंगावरचे काटे खराट्याच्या हिरांचे होते, आणि बाजूला बसणाऱ्याला ते खरोखरच टोचायचे!

पडद्यामागे जागा दोघांपुरतीच. म्हणून एका वेळी दोनच बाहुल्या, आणि म्हणून जोडी कुणाची लावायची हा दर आठवड्याचा प्रश्न.

*

पहिली जोडी बाईंनी लावली कोंबडा आणि मुठ्याची. कोंबडा बडबड्या, मुठ्या घुमा. कागदावर झकास!

प्रत्यक्षात गणूशेठनी मुठ्याला तोंडच उघडू दिलं नाही. मुठ्याची वाक्यंही तेच बोलायला लागले. वर स्वतःच्याच विनोदावर हसायचे, आणि ते हसले की पोट हलायचं, पोट हललं की टेबल हलायचं, आणि माझ्या फ्रेममध्ये भूकंप!

बाई वैतागल्या. "गणूशेठ, समोर गिऱ्हाईक नाहीये. खेकडा आहे. त्यालाही बोलायचंय!"

"बाई, तो बोलतच नाय तर मी काय करू?"

पडद्यामागून सखादादांचा आवाज आला, "माझी पाळी कधी येतेय तेच बघत हाय मी मघापासनं!"

*

मग बाईंनी मुठ्याशेजारी साळू बसवली. आणि काय सांगू! पहिल्या वाक्यापासून जमलं. एकाने वाक्य टाकावं आणि दुसरीने ते जमिनीला टेकायच्या आत उचलावं. आवाजाची पट्टी एक, थांबणं एक, चिडणंसुद्धा एक. बाईंना तर आनंदाचं भरतं आलं.

"याला म्हणतात जोडी!" त्या म्हणाल्या. "कसे अगदी सख्ख्या भावाबहिणीसारखे वाटतात नाही?"

गणूशेठ खोकले. "बाई, वाटत नायत. हायेत."

बाई बघतच राहिल्या. दोघं वेगवेगळ्या दिवशी आवाज ऐकवायला आलेली, आडनावं वेगळी, गावं वेगळी. त्यांना कळणार कसं? महाडात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की वडील गेल्यावर शेताच्या वाट्यावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. दादा म्हणे, हिने वाटा मागितलाच कसा. ताई म्हणे, मला न विचारता हक्कसोडीच्या कागदावर सही मागितलीच कशी. तेव्हापासून एकमेकांशी चकार शब्द नाही. आई दादांकडे, म्हणून ताईंचं माहेरही बंद.

"अहो, मग मला आधी नाही का सांगायचं?" बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं," गणूशेठ म्हणाले, "पण जोडी काय फस्क्लास जमली वो!"

*

तर अशी ही दोघं. एका पडद्यामागे, मांडीला मांडी लावून बसायची, आणि बोलायची बाईंमार्फत.

"बाई, त्यांना सांगा, कोपर लागतंय."

"बाई, त्यांना सांगा, काटे टोचतायत."

"मी दिग्दर्शक आहे का पोस्टमन?" बाई ओरडायच्या.

पण एकदा का बाहुली हातात चढली, की गोष्टच वेगळी! मग मुठ्या साळूची टर उडवणार, साळू मुठ्याला वाकडा चालतोस म्हणून चिडवणार. हात खाली आला, बाहुली निघाली, की दोघांची तोंडं दोन दिशांना. हे असं मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलं नाही, आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये माणूस काय काय बघतो ते मला विचारा.

*

एकदा तालीम चालू होती. विषय होता दात घासण्याचा. मध्येच साळू म्हणाली, "मुठ्या, तुझ्या बिळातली म्हातारी कशी हाय रे?"

मुठ्या म्हणाला, "गुडघं धरल्यात. पण भाकर खाते."

"भाकर चावते का?"

"दुधात कुस्करून देतो."

बाई स्क्रिप्टची पानं उलटी-सुलटी करायला लागल्या. "अरे, हे कुठल्या पानावर आहे?"

गणूशेठनी चष्मा काढून पुसला. "बाई, ह्ये पान आपल्याकडं नाय."

त्या दिवसापासून बाईंनी एक नियम केला. तालमीत मुठ्या-साळू स्क्रिप्ट सोडून कितीही भटकले तरी कुणी अडवायचं नाही. मग त्या तालमींत आम्हाला कळलं की दादांच्या गाईला कालवड झाली, ताईंच्या स्वातीला नोकरी लागली, आईला डोळ्यांचं ऑपरेशन नको म्हणजे नकोच आहे. दात घासायचे राहून गेले!

*

महाबळेश्वरकडच्या एका शाळेत बोलावणं होतं. आंबेनळी घाटात पुढे दरड आलेली, गाड्या उभ्या. गणूशेठना गप्प बसवेना. कोंबडा हातात चढवून जीपच्या खिडकीतून बाहेर काढला आणि पुढच्या गाडीतल्या पोरांना हसवायला लागले.

कठड्यावर माकड बसलेलं. आलं, कोंबडा ओढला आणि गेलं!

गणूशेठ "माझा कोंबडा! माझा कोंबडा!" करत मागे धावले. सगळा घाट खाली उतरून बघायला लागला, कारण लोकांना वाटलं खराच कोंबडा. माकडाने वर झाडावर बसून बाहुली उलटीपालटी केली, वास घेतला आणि शांतपणे तिच्यात हात घातला.

बाई खालून ओरडल्या, "गणूशेठ, बघा! नुसतं हलवतंय. एक शब्द बोलत नाही. शिका काहीतरी!"

त्या शाळेत मग मुठ्या-साळूनेच सगळा वेळ सांभाळला. गणूशेठ पहिल्या रांगेत बसले होते आणि सगळ्यात जोरात तेच हसत होते. बिचारे.

*

पोलादपूरच्या शाळेचा किस्सा मात्र मला अजून आठवतो. खेळ संपला की मुलांनी बाहुल्यांना प्रश्न विचारायचे, असं ठरलेलं. दोन वेण्यांची एक चिमुरडी उठली.

"मुठ्या, तुझं आणि साळूचं लग्न कधी?"

सगळी शाळा खदखदून हसली. बाई उत्तर जुळवत होत्या. तेवढ्यात पडद्यामागून मुठ्याच्या नाही, सखादादांच्या स्वतःच्या आवाजात आलं, "काय बोलतेस गो! भैन हाय ती माझी!"

पोरं आणखी हसली. त्यांना काय कळणार! पण कॅमेऱ्यात मला साळू दिसत होती. तिचे सगळे काटे थरथरत होते.

त्यावर दोघं काही बोलली का? छे! परतीच्या जीपमध्ये एक पुढे, एक मागे.

*

आता शेवटचा. हा मी चहाबरोबर सांगत नाही, चहा संपल्यावर सांगतो.

ताईंच्या स्वातीचं लग्न ठरलं. आपल्याकडे मुलीला मांडवात मामाने आणायचं, आणि मामाला बोलवायला त्याच्या दारात कुंकू घेऊन जायचं. पोस्टाने पत्रिका पाठवून मामा येत नसतो. स्वातीने तर आईला बजावलं होतं, "मामा नसेल तर मी पाटावरून उठणार नाही." ताई वरंधला जायला निघायच्या आणि नाते गावच्या फाट्यावरूनच परत फिरायच्या. आम्ही सगळ्यांनी दादांना सांगून पाहिलं. ते म्हणायचे, "दार उघडंच हाय. येणाऱ्याने यावं."

शेवटच्या रेकॉर्डिंगला साळू मध्येच थांबली.

"मुठ्या, माझ्या पोरीचं लगीन हाय."

"ऐकलं."

"तुझ्या बिळापातूर येवत नाय रे मला. काटे अडकतात."

"मंग?"

"मंग हितंच बोलावते. येशील?"

मुठ्या बघता बघता टेबलावर आडवा झाला, नुसतं कापड. सखादादा हात काढून उठले होते. चपला घातल्या आणि निघून गेले. बाईंनी मला कॅमेरा बंद करायची खूण केली. ताई बराच वेळ साळूचे वाकलेले हीर सरळ करत बसल्या होत्या.

लग्नाचं शूटिंग अर्थातच माझं. मुहूर्त जवळ आला, गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" कुणी हलेना. वराकडचे घड्याळं बघायला लागले. कुणीतरी लांबच्या नात्यातल्या एकाला पुढे ढकललं. स्वाती खोलीतल्या पाटावरून उठेना. ताई पदर तोंडाला लावून दाराकडे बघत उभ्या, आणि मी कॅमेरा कुठे फिरवावा या विचारात!

आणि दारातून सखादादा आले. एका हाताने म्हाताऱ्या आईला धरलेलं. तिच्या गुडघ्यांमुळे पायरी पायरीला थांबत आणलेलं, म्हणून उशीर. आईला खुर्चीत बसवलं, खोलीत गेले, भाचीचा हात धरून तिला मांडवात आणून उभी केली. बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तरी दोघं आपापल्या खांबाला धरून उभी.

शेवटी ताई हॉल ओलांडून आल्या. दादांसमोर उभ्या राहिल्या. हातात बाहुली नाही, पडदा नाही, बाई नाहीत.

"दादा, जेवलास का रे?"

दादांचे ओठ नुसते हलले. मग त्यांचा उजवा हात वर आला, मोकळाच, पण बोटं मुठ्यात असतात तशी जुळवलेली. आणि त्या हाताने मान हलवली.

नाही!