व्हॅनमधली तहान

कॅम्परव्हॅनची हौस माझी होती, हे आधीच कबूल करते. नवऱ्याचं म्हणणं होतं, बाबा पहिल्यांदाच आयर्लंडला आलेत, एखादं चांगलं बी अँड बी बुक करू, दोन दिवस समुद्र दाखवू, परत येऊ. मला मात्र चाकांवरचं घर हवं होतं. सकाळी दार उघडलं की समोर पाणी, मागे मेंढ्या आणि मधे मी, हातात गरम पोळी घेऊन. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते दुसऱ्याच कुणाला तरी मोजावं लागतं.

सासरे अकोल्याकडचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शाळामास्तर. आमच्या कॉर्क शहरातल्या घरी दीड महिना राहिले, पण मी स्वयंपाकघरात असले की खाकरल्याशिवाय कधी आत आले नाहीत.

व्हॅनमध्ये मागे बिछाने, मधे ओटा आणि ओट्याला खेटून कपाटाएवढा संडास. त्याला घडीचं पातळ दार. व्हॅनच्या मालकाने तो कसा वापरायचा ते दाखवलं, तेव्हा सासऱ्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे, आणि "बढिया हाये गाडी" म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आवडली.

आम्ही दोघं, आमची मुलगी आणि सासरे बेअरा द्वीपकल्पाकडे निघालो. कॅम्पसाइटवर फार गर्दी असते म्हणून मी मुद्दाम निर्जन जागा शोधल्या होत्या. शेतकऱ्याला विचारायचं आणि त्याच्या कुरणाच्या कडेला व्हॅन लावायची. सासरे रोज उजाडताच, आम्ही उठायच्या आत, एकटेच फिरून यायचे. या वयातही काय शिस्त आहे, असं आम्ही दोघं कौतुकाने म्हणायचो. मग दिवसभर ते खिडकीशी बसून राहायचे. चहा अर्धा टाकायचे. वरण नको, ताक नको. विचारलं की "भूक नाही लागली मले."

मला राग येऊ लागला. खरं सांगायचं तर रागापेक्षा अपमान जास्त होता. घरून भाजणी आणली होती, दही विरजून आणलं होतं, आणि हे ताटाला नुसता हात लावून उठत होते. तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, "माझ्या हातचं आवडत नसेल तर सरळ सांगावं त्यांनी, असा छळ नको." बोलले हळू, पण व्हॅन ती केवढी! त्या रात्री सासऱ्यांनी दोन थालीपिठं खाल्ली, कोरडी, वर पाण्याचा घोटही न घेता. मी मनात म्हटलं, बरं झालं बोलले ते.

आणि आता जे सांगायला जीभ रेटत नाही ते सांगते. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका कागदावर पकडणं हेच माझं काम. सासऱ्यांची ब्लडप्रेशरची गोळी रोज आठच्या ठोक्याला मी माझ्या हाताने द्यायची आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची. त्या गोळीत अंगातलं पाणी काढणारं औषध असतं. हे मला पाठ होतं. पाणी मी भांडंभर द्यायची. ते एक घोट घ्यायचे, गोळीपुरता. उरलेलं पाणी चारही दिवस मीच ओतून टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी ते उठायला गेले आणि तसेच खाली बसले. माझ्या मुलीला त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली, त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या. नऊ वर्षांची माझी मुलगी, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "आई, आजोबा इजन्ट ग्रँड." इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं ठीक. त्यांच्या हाताला हात लावला तर कातडी कागदासारखी कोरडी. मी पाण्याचा ग्लास ओठांना लावला आणि त्या अवस्थेतही त्यांनी तोंड फिरवलं, ओठ घट्ट मिटून घेतले.

गाडी लागली असेल, साखर उतरली असेल, अर्धांगाचा झटका असेल, माझं डोकं सगळीकडे धावून आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोनला रेंज नव्हती. नवऱ्याने व्हॅन काढली. मी मागे जमिनीवर बसून त्यांना धरून ठेवलं होतं. चमच्याने पाणी घालत होते आणि ते हनुवटीवरून ओघळत होतं.

बेअराचे रस्ते एका गाडीपुरते. दोन मैलांवर समोरून गवताचे गठ्ठे ओढणारा ट्रॅक्टर आला. कुणीतरी मागे जायला हवं होतं आणि नवऱ्याला ती व्हॅन मागे घेता येत नव्हती. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मागचं चाक चरात. स्टिअरिंगवर मूठ आपटून तो रडायला लागला. मीही ओरडले त्याच्यावर, काय वाट्टेल ते बोलले. ट्रॅक्टरवाला म्हातारा उतरला, खिडकीतून आत सासऱ्यांकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता नवऱ्याला बाजूला सरकवून स्वतः बसला. वळणावळणांनी त्याने व्हॅन एका फाटकापर्यंत मागे नेली. "यू'ल बी ग्रँड," असं म्हणाला, पण माझ्याकडे बघणं त्याने टाळलं.

हॉस्पिटलच्या पार्किंगला उंचीचा आडवा दांडा होता. व्हॅन आत जाईना. नर्सने व्हीलचेअर आणली, मी सासऱ्यांबरोबर आत गेले आणि नवरा मुलीला घेऊन जागा शोधायला गेला. सलाइन लागलं. थोड्या वेळाने ते जरा भानावर आले. नर्स म्हणाली, त्यांना विचार, शेवटची लघवी कधी झाली?

हा शब्द बारा वर्षांत मी त्यांच्यासमोर उच्चारला नव्हता.

विचारलं. ते म्हणाले, "पोरगा कुठी हाये?"

"येतोच आहे बाबा, गाडी लावायला गेलाय. यांना आत्ता कळायला हवं. मला सांगा."

त्यांनी डोळे मिटले. "काल पहाटी. तुले कसं सांगू बेटा? तू तं तथीच दोन हातांवर पोया लाटत रायतं. सारं आयकू येते. म्हणून म्या पाणीच नोको म्हटलं."

नर्सने विचारलं, काय म्हणाले? मला इंग्रजी येतं, रोज त्याच भाषेत पोट भरते. तरी मला इतकंच सुचलं, "ही वॉज बीइंग पोलाइट."

डॉक्टर आल्या. किडन्या बंद पडत आहेत का ते बघायला आत्ताच नळी घालावी लागेल, त्यांची परवानगी घे, म्हणाल्या. मी सांगितलं. सासऱ्यांनी चादर दोन्ही मुठींत धरली.

"तू भाईर जाशील न?"

मला बाहेर पळून जायचं होतं. पण मी गेले असते तर ती अनोळखी माणसं काय करताहेत हे त्यांना कुणी सांगितलं असतं? मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि पाठमोरीच बोलत राहिले. बाबा, आता गार लागेल. बाबा, थोडं दुखेल, श्वास सोडा. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. नर्स म्हणाली, अजून काही नाही. परत म्हणाली, अजून नाही.

जो आवाज माझ्या कानी पडू नये म्हणून या माणसाने चार दिवस घसा कोरडा ठेवला होता, तोच ऐकू यावा म्हणून मी जीव कानांत आणून उभी होते. आठवतील त्या सगळ्या देवांना हात जोडत होते.

मग ट्रेमध्ये थेंब पडले. थोडेच, पण पडले. आणि मी मोठ्याने रडायला लागले, अगदी गळा काढून, मुद्दाम, म्हणजे त्यांना वाटावं की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.