मागच्या भिंतीचा गिलावा

आमच्या भिवपुरीच्या घराच्या मागच्या भिंतीचा गिलावा गवंड्याने केलेला नाही, त्याच्या हाताखालच्या बिगारी मावशीने केलाय. मला हे फार उशिरा कळलं आणि अजून चडफडायला होतं.

गवंडी कामाला पक्का होता, पण त्याचं निम्मं काम मावशीच्या जिवावर चालायचं. रेती चाळायची, माल कालवायचा, घमेली परांचीवर चढवायची. ती एखाद दिवस नसली की हा ‘माल पातळ झाला, माल घट्ट झाला’ म्हणून दिवसभर करवादायचा. एकदा त्याला ताप भरला. तो सिमेंटच्या गोण्यांवर पडून राहिला आणि थापी तिने उचलली. संध्याकाळी भिंत बघून वडील खूश झाले. कोणी केली ते गवंड्याने सांगितलं नाही.

वास्तुशांतीला आमच्याकडे गवंड्याला टॉवेल-टोपी देतात, बिगारी बाईला खण. त्या दिवशी जेवायला खालापूरचा एक ठेकेदार होता. त्याला बंगल्यांच्या गिलाव्यासाठी माणूस हवा होता. वडिलांनी कौतुकाने तीच भिंत दाखवली.

“कोणाचा हात?” ठेकेदाराने विचारलं.

“माझाच,” गवंडी म्हणाला.

मावशी मान खाली घालून भात कालवत राहिली. तेव्हा तिचं नाव निघालं असतं तर ती गवंडी झाली असती. एरवी बाईच्या हातात थापी देतो कोण?

म्हातारपणी गुडघे गेल्यावर गवंड्याने हे मला स्वतःच सांगितलं. “बाईमानसानं केलं म्हटलं असतं तर मला कोन बोलावनार व्हतं? भ्यालो गं पोरी.” त्याची कीव आली, पण राग जास्त आला.

मी तडक कर्जतला गेले. मावशी तिथे एका फार्महाऊसवर भांडी घासते.

“मावशी, न्हाणीघराचा गिलावा करायचाय. गवंडी म्हणून ये.”

ती हसली. साबणाचा हात पुढे करून तिने मूठ वळून दाखवली. बोटं अर्ध्यावरच थांबली. “आता थापी धरवत नाय गं.”

खालापूरचं काम तुझं होतं, एवढंच मी म्हणाले.

“त्या कामावर मी व्हतेच की,” ती म्हणाली. “तो वर गिलावा करायचा, मी खालनं घमेली द्यायची. त्याची भिंत कुठं फुगत्येय ते मला दिसायचं. पन सांगनार कसं? बिगारी ना मी.”