पुसलेलं नाव

फोन शाळेत आला. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर वर्तुळ काढत होते आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला होता. पलीकडे मिरजेच्या दवाखान्यातून माझे यजमान बोलत होते. ते म्हणाले, "तू आधी बस." मी उभीच राहिले... मिलिंदची कावीळ उतरायला लागलीय, असं आदल्या दिवशीपर्यंत सगळेच म्हणत होते. मी शेवटची भेटले तेव्हा तो खाटेवर टेकून बसला होता, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि स्वतःच म्हणाला, "आक्का, हळदबाजारात काम करून करून बघ काय झालं." मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. त्याच्या जाण्याला आता दीड-दोन महिने होत आले. एक गोष्ट लिहायची म्हणून बसते आणि उठते, कारण ती आमच्या घराच्या लाजेची गोष्ट आहे. पण ती सोडून मिलिंदबद्दल लिहिलं तर ते अर्धवट होईल, आणि अर्धवट सांगितलेलं त्याला शेवटी शेवटी अजिबात खपत नसे.

आमचे वडील, आबा, गवंडी. वाईजवळच्या आमच्या गावातली आणि खुद्द वाईतली कितीतरी बांधकामं त्यांच्या हातची. आम्ही दोघं शिकलो. मी डी.एड. करून साताऱ्यात नोकरीला लागले आणि मिलिंद डिप्लोमा करायला सांगलीला गेला. तिथे पहिल्याच वर्षी मेसमध्ये एक मुलगा त्याचं आडनाव ऐकून त्याला सहज, भाकरी मोडता मोडता म्हणाला होता, "तुमचं बरंय गड्या, तुम्हाला सगळं फुकटच." मिलिंदने मला हे लगेच सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पण त्या दिवसापासून फुकट या शब्दाशी त्याचं वैर जडलं, ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कुणाकडे चहा प्यायला तरी दुसऱ्या दिवशी त्या माणसाला पाजल्याशिवाय मिलिंदला चैन पडत नसे.

शिक्षण संपल्यावर त्याने मार्केट यार्डाजवळ एक खोली घेतली, जुना कॉम्प्युटर आणि खडखड आवाज करणारा प्रिंटर आणला, आणि हळदीच्या अडत्यांची कामं करू लागला. शेतकऱ्याची हळद सौद्यात विकली गेली की अडत्या त्याला हिशेबपट्टी देतो. वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं त्यात आलं. हे काम कॉम्प्युटरवर व्हावं अशी त्याची खटपट होती. त्याच सुमारास एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली उतरवून घेतली. तेव्हा बहुतेक दुकानांत कॉम्प्युटरवर जे काही चालायचं ते कुणाकडून तरी चोरून उतरवलेलं असायचं आणि त्यात कुणाला काही वाटतही नसे. मिलिंदला वाटायचं. लिनक्स मात्र चोरी न करता मिळत होतं. ते आतून वाचता येत होतं, बदलता येत होतं, दुसऱ्याला देता येत होतं. दिवाळीला तो आमच्या घरी एक जुनं मशीन घेऊन आला, माझ्या मुलांसमोर त्याने ते चालू केलं आणि काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. "हे काय बोलतंय मामा?" माझ्या मुलीने विचारलं. "उठल्यावर काय काय केलं ते सांगतंय," तो म्हणाला. "लपवून काहीच ठेवत नाही." माझ्या शाळेचे गुणतक्ते पुढे मी त्याच मशीनवर करू लागले. बटण थेट बंद करायचं नाही, आधी त्याला सांगायचं, मग ते स्वतःच आवरतं, हे त्याने मला चार वेळा शिकवलं.

त्या सीडीवर हॉलंडमधल्या कुणा एका प्राध्यापकाने लिहिलेला हिशेबाचा एक प्रोग्रॅम होता. अट एवढीच, की वापरा, हवा तसा बदला, वाटा, पण ज्यांनी केलंय त्यांची नावं काढू नका आणि पुढे देताना असाच खुला द्या. मिलिंदने तो घेतला, त्यात हळदीचा सौदा बसवला, 'वजन टाका', 'दर टाका' अशी मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत घातली. महिनोन्‌महिने तो त्यावर राबला हे खरं. पण पहिल्या पडद्यावर त्या प्राध्यापकाचं नाव होतं, ते पाहून पहिलाच अडत्या म्हणाला, "हे कोन? म्हंजी तू केल्यालं न्हाई हे? फुकटचं आनलंस व्हय कुठनं?"

मिलिंद खोलीवर परत आला आणि त्याने ते नाव पुसलं. त्या जागी स्वतःचं घातलं.

पुढे काम वाढलं. सांगलीत सात-आठ गाळ्यांवर त्याच्या पट्ट्या छापल्या जाऊ लागल्या. एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, त्याचं कात्रण फिरत फिरत साताऱ्यात आलं आणि आमच्या समाजाच्या मंडळाने जयंतीच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार ठरवला. निमंत्रणपत्रिकेवर 'स्वनिर्मित संगणक प्रणालीचे जनक' असं छापलं होतं. आबांना वाचता येतं ते जेमतेम, पण ती पत्रिका खिशात घालून ते गावभर हिंडले. एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा त्यांनी ती दाखवली.

सभागृह भरलं होतं. आबा पुढच्या रांगेत, नवं धोतर, डोक्याला फेटा. मी बायकांच्या बाजूला होते आणि आजूबाजूच्या बायका आपापल्या मुलांना मिलिंदकडे बोट करून दाखवत होत्या. शाल झाली, नारळ झाला. मिलिंदला बोलायला सांगितलं. तो माइकजवळ गेला आणि म्हणाला, "हा प्रोग्रॅम मुळात मी लिहिलेला नाही. तो एका परदेशी माणसाने लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. मी त्यात भर घातली." टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. अध्यक्षांनी पटकन माइक आपल्याकडे ओढला. "बघा, मोठेपणा बघा," ते म्हणाले, "एवढं करून श्रेय दुसऱ्याला देतायत. याला म्हणतात विनय." मग टाळ्या झाल्या. मिलिंद खाली बसायला निघाला. अर्ध्या वाटेवर थांबला... पुन्हा माइककडे गेला. "विनय नाही साहेब," तो म्हणाला. "त्या माणसाचं नाव त्यावर होतं. मी ते पुसलं आणि माझं घातलं. फुकटचं आणलं म्हणतील म्हणून घातलं. पत्रिकेत छापलंय ते खोटं आहे."

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मागून कुठूनतरी एक आवाज आला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "म्हंजी शेवटी फुकटचंच की."

माझ्या शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं, निदान मला तसं वाटलं. खरं सांगायचं तर मला मिलिंदची लाज वाटली, त्याने पुसलेल्या नावाची नव्हे, त्याने ते तिथे, आपल्याच माणसांसमोर, आबांसमोर बोलून दाखवलं याची. बाहेरचे आपल्याला एवढं बोलतात, आणि हा आतूनच त्यांच्या हातात काठी देतोय, असं वाटलं. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता. मिलिंदने शाल घडी करून टेबलावर परत ठेवली आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. मी दोन पावलं मागून चालत होते. रस्त्यात माझ्या शाळेतल्या एक बाई भेटल्या, झाला का कार्यक्रम म्हणाल्या, आणि मी झाला म्हणाले.

घरी आल्यावर मिलिंद आबांच्या समोर भिंतीला टेकून बसला. पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने. मग आबा म्हणाले, "वाईच्या घाटाच्या पायऱ्या मी बसवल्याती. ठावं हाय तुला."

"हो आबा."

"फरशीवर नाव हाय ते ज्यानं पैसं दिलं त्याचं. आमी धा जन व्हतो, येकाचंबी नाव न्हाई. मला त्याचं काय वाटलं न्हाई आसं मी सांगत आलो समद्यास्नी... वाटलं व्हतं. लय वाटलं व्हतं." मग म्हणाले, "आन तू बी तसंच केलंस व्हय रं."

मिलिंद रडला. मोठा झाल्यावर त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं. तो म्हणाला, "आबा, तुम्ही पत्रिका कंडक्टरला दाखवली असं आक्काने सांगितलं, तेव्हाच मला राहवेना." आबांनी त्याच्यापुढे तांब्या सरकवला.

सांगलीत परतल्यावर तो एकेका गाळ्यावर गेला. खरं काय ते सांगितलं, त्या प्राध्यापकाचं नाव पुन्हा पहिल्या पडद्यावर घातलं, प्रोग्रॅमच्या आतला सगळा मजकूर फ्लॉपीवर करून दिला आणि म्हणाला, "हे तुमचं. माझ्याकडूनच काम करून घ्यायला पाहिजे असं नाही, कुणाकडूनही करून घ्या." चार अडत्यांनी काम बंद केलं. एकाने, तू आम्हाला फसवलंस, असं तोंडावर सांगितलं, आणि ते चूक नव्हतं. अण्णा मगदूम म्हणून वयस्क अडत्या होते, त्यांनी मात्र ठेवलं. मिलिंदच्या दहाव्याला ते आले होते, तेव्हा मला म्हणाले, "मी त्याला बोललो, बाबा, पट्टी बरोबर निघतीय न्हवं, मग मला काय. पन आधी सांगितलं आसतंस तर मी घेतलं नसतं, हे बी खरं हाय. मी बी फुकटचं म्हनलो आसतो." त्यांनी मान खाली घातली होती.

मग मिलिंदने त्या प्राध्यापकाला पत्र लिहिलं. कॉम्प्युटरवरचं पत्र. त्यासाठी ओळखीच्या एका डॉक्टरांच्या घरून पुण्याला फोन लावून लाइन जोडावी लागे. काय केलं ते सगळं लिहिलं, माफी मागितली. उत्तर येईल असं त्याला वाटत नव्हतं. आलं. रागाचं अक्षर नव्हतं त्यात. त्या माणसाने एवढंच लिहिलं होतं की तुम्ही घातलेली भर मला पाठवा, इतरांना उपयोगी पडेल, आणि हळद म्हणजे नेमकं काय. मिलिंदला हे झेपेना. "शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं आक्का," तो मला म्हणाला. त्याने भर पाठवली, आणि सांगलीची चांगल्यातली हळद पुडीत बांधून टपालाने हॉलंडला धाडली. ती पोचली की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण नंतर आलेल्या प्रोग्रॅममध्ये, ज्यांनी हातभार लावला त्यांच्या नावांत मिलिंदचं नाव होतं, गावाच्या नावासकट. ते त्याने मला दाखवलं तेव्हा आनंदाने दाखवलं नाही. एकदा दाखवलं आणि लगेच पुढे गेला. लाज त्याच्यातून गेली नव्हती. ती त्याने शिकवायला घेतली, एवढंच. त्यानंतर त्याच्या खोलीत जो कुणी लिनक्स शिकायला आला त्याला तो पहिल्या दिवशी स्वतःची ही गोष्ट सांगे.

मंडळाने शोकसभा घेतली ती त्याच सभागृहात. मला जायचं नव्हतं, पण आबा निघाले म्हणून गेले. माणसं चांगलं बोलली. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसंच. शेवटी अध्यक्ष उठले आणि म्हणाले की, केवळ स्वतःच्या बुद्धीच्या बळावर सबंध हळदबाजाराला संगणक देणारा हा आपला तरुण होता, ही प्रणाली त्याने एकट्याने निर्माण केली... मला कळेना, हे विसरलेत की मुद्दाम चांगुलपणाने बोलतायत. माझी मान आपोआप खाली गेली. मी उठू शकले नाही. आबा उठले. त्यांना माइक नको होता. हात जोडून ते जागेवरूनच म्हणाले, "सायेब, पोरानं हितंच हुबं राहून सांगितलं व्हतं, त्यानं येकट्यानं केलं न्हाई म्हून. त्याला ते सांगताना काय झालं ते त्याचं त्याला ठावं. आता मेल्यावर त्याला खोट्यात पाडू नगा."

अध्यक्ष "चुकलं आबा," म्हणाले आणि बसले. या वेळी आबांच्या मागून नव्हे, शेजारून चालत मी घरी आले.

गेल्या रविवारी सांगलीला जाऊन त्याची खोली उघडली. मालकांनी अजून काही दिवस दिलेत. धूळ झटकली, सीड्या एका खोक्यात भरल्या. मग कॉम्प्युटर चालू करावा म्हणून त्याच्या खुर्चीत बसले तर पडदा नीट दिसेना. मॉनिटर तिरका ठेवलेला होता, काम करणाऱ्याकडे कड आणि समोर येऊन बसणाऱ्याकडे तोंड. मालक सांगत होते, मिलिंद असाच काम करायचा, समोरच्याला सगळं दिसावं म्हणून, आणि स्वतः मान वाकडी करून बघायचा. मॉनिटर सरळ करायला हात लावला आणि थांबले... मग उठून टेबलाच्या पलीकडे गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.