भोंगाचा घरचा आवाज

फोनवर भोंगा "मी मजेत आहे गं" म्हणाली, की आईला हटकून काळजी लागायची. इतरांच्या मुली मजेत आहेत म्हणाल्या, की त्यांच्या आया निर्धास्त होऊन टीव्ही लावतात. पण जी पोरगी मजेत असल्याचा आवाज काढायचेच पैसे घेते, तिच्या आईने भरवसा ठेवायचा तरी कशावर? एकदा अंगात सणसणून ताप असताना भोंगाने फोनवर अशी काही चिवचिव केली होती, की आईने शेजारणीला सांगितलं, "पोरीची तब्येत सुधारली हं." तेव्हापासून ही काळजी आईला चिकटली, ती चिकटलीच.

भोंगा हे नाव बाबांचं. जन्मल्या जन्मल्या पोरीने असा टाहो फोडला, की पलीकडच्या खोलीतले बाप आपापली बाळं तपासायला धावले. आई वाचनालयात ग्रंथपाल. ओठांवर बोट ठेवण्याचा पगार घेणाऱ्या बाईच्या पोटी हे रत्न आलं, यावर बाबा आजतागायत हसतात.

कॉलेजात असताना मैत्रिणीचा घसा बसला, म्हणून तिच्याऐवजी भोंगा कार्टूनच्या डबिंगला गेली. पहिली भूमिका बकरीची.

"मुख्य बकरी का गं?" मावशीने विचारलं.

"नाही, कळपातली," आई म्हणाली. "पण पुढच्या रांगेतली."

बकरीतून बढती मिळून ती खोडकर मुलगा झाली. कार्टूनमधली लहान मुलं बहुतेक मोठ्या बायकाच बोलतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज ऐन मालिकेत फुटतो. मग खार, चेटकीण, बोलकी किटली. आणि मग गेम. गेममध्ये बोलणं कमी आणि मरणं फार. कड्यावरून पडून मरायचं, बुडून मरायचं, बाण लागून आधी हळू, मग जोरात मरायचं. हा आरडाओरडा नेहमी शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. "आज कशाने मेलीस गं?" असं पोटच्या पोरीला रोज संध्याकाळी विचारणारी आई जगात दुसरी नसावी.

असं सगळं बरं चाललं असताना मोठं काम दारात आलं. एका नव्या गेममध्ये ओसाड दीपगृहात एकटी राहणारी एक मेकॅनिक बाई होती. खेळणाऱ्याशी ती वायरलेसवर बोलते, सबंध गेमभर तिचाच आवाज. किंचाळणं नाही, मरणं नाही. दिग्दर्शकाची अट एकच: "मला खार नको, चेटकीण नको. तुमचा स्वतःचा आवाज द्या."

आणि तिथेच घोडं अडलं.

त्या दिवशी आई स्टुडिओत होती. पोरीचा घसा एकदा प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचा म्हणून ती हट्टाने बरोबर आली होती. काचेच्या अलीकडे दिग्दर्शक, रेकॉर्डिस्ट आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आई. पलीकडे गादीसारख्या भिंतींच्या चिंचोळ्या खोलीत माइकसमोर भोंगा. अंगात सुती सदरा, कारण नायलॉन सळसळतं. कानांत डूल नाहीत, कारण तेही किणकिणतात. जवळ हिरव्या सफरचंदाची फोड, तोंडातली चिकचिक जावी म्हणून. तिथला माइक असा चोंबडा, की पोट गुरगुरलं तरी चहाडी करतो.

भोंगा बोलली. समजूतदार, किंचित थकलेली, चौतीस वर्षांची बाई. आईला वाटलं, झकास!

"झकास," दिग्दर्शकही म्हणाला. "पण ही कोण आहे?"

भोंगाने पुन्हा केलं. या खेपेला बाई जरा साधी.

"ही साधेपणाचा अभिनय करतेय."

तिसऱ्यांदा भोंगाने मुळीच अभिनय न करण्याचा इतका सुरेख अभिनय केला, की रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून कपाळ चोळलं. चूक कुणाची म्हणायची? पंधरा वर्षं माइक दिसला की ही दुसरी कुणीतरी होत आली. सवयच ती.

"दहा मिनिटं थांबू या," दिग्दर्शक म्हणाला.

आई तशीच उठली आणि स्वेटर घेऊन आतल्या खोलीत शिरली.

"हा घाल. बर्फासारखी थंडी आहे इथे."

"नको गं."

"घसा धरला तर?"

"आई, मला थंडी वाजतेय की नाही, हे निदान मला तरी ठरवू दे! आणि तो लोकरीचा आहे. माइकला घासला की सरपटणारा साप ऐकू येतो त्यात."

माइक चालूच होता. काचेपलीकडे दिग्दर्शक खुर्ची पाडून उभा राहिला. "हीच! हीच ती बाई! परत बोला!"

भोंगा परत बोलली. अगदी तेच शब्द, तोच चढ, तोच उतार. दिग्दर्शक खाली बसला.

"आता ही रागावलेली बाई झाली. मला राग नको होता हो. मला ती हवी होती, जिला कुणी ऐकतंय हे ठाऊकच नव्हतं." मग जरा नरमून म्हणाला, "गुरुवारी सकाळी शेवटचं बघू. नाहीतर दुसरी कुणी शोधावी लागेल."

घरी जायला निघालेल्या आईला भोंगाने एवढंच बजावलं, "गुरुवारी फोन करू नकोस. काम असलं की तुझ्या फोनने माझं डोकं फिरतं."

गुरुवारी सकाळी आईने चहाचा कप खाली ठेवला आणि बाबांना म्हणाली, "अहो, तिचं डोकंच फिरवायला हवं."

"म्हणजे?"

"आमचं वाजलं की ती खारही नसते आणि चेटकीणही नसते. तेव्हा ती आपली असते. आत जायच्या जरा आधी भांडण लागलं, तर तोच आवाज घेऊन जाईल."

"आणि नुसतीच भडकली तर? एवढं मोठं काम तुझ्यापायी गेलं म्हणेल. जन्मभर ऐकवेल. आणि ऐकवायला तिच्याकडे आवाजांची काय कमी!"

आई तरीही उठली.

"बरं, मग लग्नाचा विषय काढ," बाबा म्हणाले.

"छे! त्याचं उत्तर तिच्याकडे किटलीच्या आवाजात तयार आहे. अचानक काहीतरी हवं."

"काहीही सांग ठोकून."

"खोटं? तिला? ती त्याच धंद्यातली आहे. पहिल्या शब्दाला पकडेल."

आईने घरभर नजर फिरवली. भोंगाच्या जुन्या खोलीत टेबलावर जिराफाच्या आकाराचा दिवा होता. मान चिकटपट्टीने बांधलेली, एक कान गायब. 'याला कुणी हात लावायचा नाही' असा पोरीचा हुकूम होता, आणि आई तो धूळ पुसताना रोज मोडत होती. तिने जिराफ काखेत मारला.

"अगं, कुठे निघालीस?"

"शेजारी. द्यायला."

"खरंच देतेस?"

"मग! नाटक करू होय?"

शेजारणीने जिराफाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखून मुकाट्याने तो ठेवून घेतला. आई परत आली तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता. रिकाम्या टेबलावर दिव्याच्या बुडाचा गोल तेवढा चकचकत होता.

"परत आण जा," बाबा हळूच म्हणाले. "अजून वेळ आहे."

"तेच तर. अजून वेळ आहे," आई म्हणाली. पोरगी स्टुडिओत शिरायच्या आधी फोन लागायला हवा होता. आईने चष्मा चढवला, पदर खोचला आणि भोंगाचा नंबर लावला.